पाणी सोडलं

"पंपवाल्याचा फोन होता. आज रात्री पाणी गोठणार म्हणे. तेव्हा पाणी सोडायचंय!" एका पायात बूट घालता घालता नवऱ्याने कुजबुजून सांगितलं.

"बरं," स्वयंपाकघरातून बायको कुजबुजली.

"बरं," बाहेरच्या खोलीतून सासरे कुजबुजले.

कुजबुजीचं कारण पाळण्यात होतं. आठ महिन्यांचं, पहिल्या दाताच्या खटाटोपात असलेलं, रात्रभर घर डोक्यावर घेऊन आत्ता कुठे डोळा लागलेलं. बाळ जन्मल्यापासून हे तिसरं भाड्याचं घर. इथेच ते पहिल्यांदा सलग झोपायला शिकलं होतं, त्यामुळे त्याच्या आईला या घराच्या भिंतींचेसुद्धा मुके घ्यावेसे वाटत.

पण मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मागचा तलाव हिवाळाभर नीट सांभाळलात तर राहा खुशाल. तलाव बिघडला तर घर रिकामं करायचं." आणि तलाव बघायला त्या आजच, चार वाजता, येणार होत्या. तसा तो पोहण्याचा तलाव केवढासा! चार हात मारले की पलीकडची भिंत. पण पानगळीपासून त्याचा पंप बंद होता आणि पाण्याला पालकाच्या रश्श्याचा रंग आला होता.

वाहतं पाणी गोठत नाही, असं नवऱ्याने कुठेतरी वाचलं होतं. म्हणून त्याने जाता जाता पंपाचं बटण दाबलं आणि तो कामावर गेला.

सासऱ्यांची बत्तीस वर्षं धरणावरच्या नोकरीत गेली होती. पाणी सोडायचं म्हणजे दरवाजे उघडायचे, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी कानटोपी चढवली, घरामागच्या पंपाच्या खोपटात शिरून तळाचा व्हॉल्व्ह शोधला आणि दोन्ही हातांनी पिळला. गंजका व्हॉल्व्ह पाव फेराच फिरला, पण कुंपणापलीकडच्या गटारात हिरवी धार पडायला लागली. "निघालं!" ते समाधानाने पुटपुटले.

सुनेच्या लेखी पाणी सोडायचं म्हणजे नळाचं. झाडांना सोडतात तसं. तिने घराच्या दुसऱ्या बाजूचा नळ उघडला आणि आवाजाने बाळ उठू नये म्हणून नळीचं तोंड पार तलावाच्या तळाशी बुडवलं.

अकराच्या सुमारास दोघांची स्वयंपाकघरात गाठ पडली.

"पाणी सोडलंस?" सासऱ्यांनी खुणेनेच विचारलं.

"सोडलं, बाबा."

"मीही सोडलंय."

"तुम्हीही? मग लवकर होईल."

दोघांनी एकमेकांचं मनातल्या मनात कौतुक केलं.

दोन वाजता सासरे तलावाकाठी गेले आणि जागच्या जागी थिजले. पाणी बोटभरही उतरलं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला, काठी बुडवून पाहिली. मग लगबगीने आत येऊन कुजबुजले, "सूनबाई, घात झाला! पाच तास सोडतोय आपण, आणि पाणी जिथल्या तिथे!"

ती हात न पुसताच बाहेर धावली. पाणी बोटभरही वर आलं नव्हतं! "बाबा, तलावाला भगदाड पडलंय!"

"भगदाड? अगं, झरा लागलाय झरा!"

"झरा असता तर पाणी वाढलं नसतं का?"

"भगदाड असतं तर आटलं नसतं का?"

दोघांचंही बरोबर होतं, हीच मोठी पंचाईत. तिने घाबऱ्याघाबऱ्या पंपवाल्याला फोन लावला, "भाऊ, असाल तसे या! तलावाला एक तर भोक पडलंय, नाहीतर झरा फुटलाय!"

पंपवाला साडेतीनला आला. खोपटात डोकावला, नळीमागे चालत नळापर्यंत गेला, परत आला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"काका, हा व्हॉल्व्ह कुणी उघडला?"

"मी. पाणी सोडायला."

"आणि वहिनी, हा नळ?"

"मी. पाणी सोडायला."

"आणि पंप?"

"तो माझ्या मुलाने चालू केला," सासरे हळूच म्हणाले.

पंपवाला पालथ्या घातलेल्या बादलीवर मटकन बसला. "अहो, मी दादांना सांगितलं होतं, पंप बंदच ठेवा आणि पंपाचं पाणी सोडा! पंपाचं! हा खालचा स्क्रू काढला की तांब्याभर पाणी येतं. झालं काम!"

नवऱ्याने बुटाच्या गडबडीत नेमका तो एक शब्द गाळला होता.

इतक्यात फाटक वाजलं. मालकीणबाई! सुनेच्या डोळ्यांपुढे पाळणा, गाद्या, खोकी आणि चौथं घर एका रांगेत उभं राहिलं. बाई थेट तलावापाशी गेल्या, वाकल्या आणि किंचाळल्या, "अगंबाई! तळ दिसतोय!"

खरंच दिसत होता. तळाचा सगळा गाळ व्हॉल्व्हमधून गेला होता, पंपाच्या जाळीने पानं गाळून घेतली होती, नळाने स्वच्छ पाणी भरलं होतं. दिवसभर सगळ्यांचे डोळे पातळीवरच, पाण्याच्या रंगाकडे पाहायला फुरसत कुणाला होती?

"पाच वर्षांत मला या तलावाचा तळ दिसला नव्हता," बाई हरखून म्हणाल्या. "आता ठरलं तर. मीच येते इथे राहायला!"

सुनेने सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी कानटोपी काढून हातात घेतली, जणू कुणी गेलंय.

पंपवाला कपडे झटकत उठला. "या की बाई. फक्त माणसांचं बघून ठेवा."

"कसली माणसं?"

"हे पाणी असं करायला आज तीन माणसं खपलीत. एक काढायला, एक भरायला, एक पंपाला. थंडीत, सकाळपासून. विचारा यांना."

बाईंनी सासऱ्यांचं लाल झालेलं नाक पाहिलं, सुनेच्या कोपरापर्यंत भिजलेल्या बाह्या पाहिल्या आणि आपली शाल घट्ट ओढून घेतली.

"नको रे बाबा. तुम्हीच राहा. बघा, ठरवून, एकविचाराने काम करणारी अशी माणसं कुठे मिळतात हल्ली?"

"एकविचाराने? बाई, खरं सांगायचं तर—" सासऱ्यांनी प्रामाणिकपणे सुरुवात केली, आणि सुनेने लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांच्या पायावर पाय दिला.