गोजराबाईंचं निर्दोष घर

“आज त्या बिल्डरला घाम फोडतो का न्हाई बघा!” हैबतरावांनी चांदे गावाच्या पारावर जाहीर केलं आणि मिशीला असा पीळ भरला, की पारावरचं कुत्रं उठून उभं राहिलं.

कारणही तसंच होतं. भाताची खाचरं बिल्डरला दिली, त्या बदल्यात टॉवरच्या सातव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. दिसायला झकास! पण पावसाळ्यात हॉलची भिंत अशी पाझरायची, की सोफा हलवून तिथं इंद्रायणी भात लावला असता तर पोतंभर सहज निघाला असता. बाथरूमचं पाणी मोरीची वाट सोडून देवघराच्या दर्शनाला जायचं. बेडरूमचं दार लावलं तर उघडत नसे आणि उघडलं तर हातात येई!

घरात दोष निघाले तर बिल्डरनं फुकट दुरुस्त करून द्यायचे, अशी पाच वर्षांची हमी होती. ती उद्या संपत होती. आज बिल्डरचा इंजिनिअर मनीष पाहणीला येणार होता. तो लिहून घेईल तेवढं बिल्डरच्या गळ्यात. बाकीचं जन्मभर हैबतरावांच्या!

सकाळी घरातून निघताना ते बायकोला एवढंच म्हणाले होते, “गोजरा, दुपारी घर बघायला मानूस येनार हाय.”

आता घर बघायला माणूस येणार म्हटल्यावर कुठली बाई हात बांधून बसेल?

हैबतराव मनीषला घेऊन आले, तर उंबऱ्यात रांगोळी! आत गेल्या गेल्या त्यांनी भिंतीकडे बोट केलं, “ही बघा ओल, मानसाएवढी!”

ओल कुठली! तिथं खंडोबा, भैरवनाथ, लक्ष्मी आणि गोजराबाईंचा लग्नातला शालू असे दाटीवाटीनं लटकत होते.

“गोजरा, त्या तसबिरी काढ.”

“पाव्हण्याम्होरं देव उतरवत्यात व्हय?”

“बरं, बाथरूम बघा. हितं पानी तुंबतं.” हैबतरावांनी नळ सोडला. नळानं नुसता उसासा टाकला. गोजराबाईंनी आधीच मेन कॉक बंद केला होता. फरशी भाजलेल्या पापडासारखी कोरडी!

बेडरूमच्या दाराला तर त्या स्वतःच पाठ लावून हसतमुखानं उभ्या.

“अगं, दार दाखव की सायबाला.”

“दिसतंय की! सागवानी हाय.”

मग त्यांनी मनीषला जेवायलाच बसवलं. तांदळाची भाकरी, गावठी कोंबडीचा रस्सा. तिसऱ्या वाटीला मनीष विरघळला. “काकू, इतकं मेंटेन केलेलं घर अख्ख्या टॉवरमध्ये नाही पाहिलं! मी लिहूनच टाकतो, ‘नो डिफेक्ट’.” आणि त्यानं डाव्या हातानं मोबाइल काढला.

हैबतरावांची मिशी वितळली. त्यांनी बायकोला स्वयंपाकघरात ओढलं. “येडे, दोष दाखवायचेत! त्येच्यासाठीच आलाय त्यो!”

“म्या माज्या घराची नालस्ती करू? लोक म्हनत्याल, जमीन दिऊन गळकं घर घेतलं! मंग त्वांड कुटं दाखवू?”

आता काय करावं? हैबतरावांना खालच्या मजल्यावरच्या भागूबाई आठवल्या. त्या आणि गोजराबाई म्हणजे भारी चढाओढ! एकीनं मिक्सर घेतला की संध्याकाळपर्यंत दुसरीकडे त्याहून मोठा यायचा.

हैबतराव हॉलमध्ये येऊन मोठ्यानं म्हणाले, “लिवा सायेब, आमचं काय न्हाई. समदे दोष खाली भागूबाईकडं. चौदा निघाले! बिल्डर लाद्यांपासनं नळापर्यंत समदं नवंकोरं करून देनार तिला.”

“भागूबाईंकडे? पण मी तर तिथं...”

“भाकरी घ्या हो!” हैबतरावांनी अर्धी भाकरी त्याच्या तोंडात कोंबली.

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. गोजराबाई पदर खोचून बाहेर आल्या. “त्या भवानीला चौदा? आन् आमाला काय न्हाई व्हय?”

देवांना हात जोडून त्यांनी तसबिरी उतरवल्या. मागं ओलीचं मुळशी धरण, फुगवट्यासकट! त्या दारापासून बाजूला झाल्या, तर दारानं मनीषला साष्टांग नमस्कार घातला. मग मेन कॉक सोडला. पाणी उसळून हॉलमध्ये आलं आणि उंबऱ्यातले मनीषचे बूट घेऊन थेट लिफ्टपर्यंत पोचवायला गेलं!

“लिव! ही खिडकी हालतीया, पंधरा झाले.”

“काकू, खिडकी ठीक आहे.”

गोजराबाईंनी दोन्ही हातांनी खिडकी गदागदा हलवली. “आता?”

“पंधरा,” मनीष म्हणाला.

बाविसाव्या दोषावर मनीषनं हात जोडले आणि तिथंच ओल्या मोज्यांनी उभं राहून सगळं ऑफिसला पाठवून दिलं. मंजुरीही आली. भिंत, बाथरूम, दार, सगळं नवं! अनवाणीच तो बूट शोधत निघाला. हैबतरावांनी मिशी पुन्हा उभी केली. आता पारावर जायचं आणि सावकाश, रंगवून सांगायचं.

त्यांनी दार उघडलं, तर समोर भागूबाई! गोजराबाईंच्या आवाजाला सहाव्या मजल्यावर जायला लिफ्ट लागत नसे.

“हैबतराव, माज्या घरात चौदा दोष निघाले म्हनं?”

“तसं न्हाई वैनी, त्ये आपलं...”

“माजीबी हमी उद्याच सरतीया. सकाळी त्यो पोरगा यिऊन ‘काय न्हाई’ म्हनून गेला. आता तुमालाच ठावं हायेत, तर चला खाली! सांजच्या आत चौदाच्या चौदा काढून द्या.”

त्यांनी हैबतरावांचं मनगट धरलं. हैबतरावांनी केविलवाणं मागं वळून पाहिलं.

पुसायचं फडकं पिळता पिळता गोजराबाई म्हणाल्या, “जावा की! पन एकविसाच्या वर एक जरी निघाला, तर तितंच ऱ्हावा!”