जांभळांचा राखणदार

जो माल राखायचा तो आधी चाखून बघायला हवा, असं देवरावांनी पहिल्याच दिवशी ठरवलं. मुलचेऱ्यातला जुना किराणा दुकानदार माणूस. गुळाच्या ढेपेला बोट लावल्याशिवाय त्यांनी कधी गूळ विकला नाही. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे अंजनाबाईंच्या बचत गटाला जांभळाच्या सरबताची मोठी ऑर्डर मिळाली होती. टोपल्या दुकानामागच्या थंड खोलीत, राखणीला देवराव. त्यांनी एक जांभूळ चाखलं. एकावरून काही अंदाज येईना, म्हणून दहा चाखली. (शेजारच्या टोपलीवर अन्याय नको, म्हणून तिथलीही.)

संध्याकाळी अंजनाबाई ओरडल्या, "अर्धी टोपली कुठी गेली?"

"वानर!" देवराव म्हणाले. "येवढं मोठं होतं. छपराचे कवेलू सरकवून आलं."

गटाच्या बायकांनी हळहळून देवरावांच्या हाती नवी गुलेल दिली. वानर तरी रोज येतच राहिलं. ते येऊन गेलं की देवराव कडुनिंबाच्या काडीनं आपली जीभ लख्ख खरवडत.

आठव्या दिवशी सकाळी संडासात त्यांची नजर खाली गेली. काळं! मोबाईलवर शोधलं, तर एक बुवा रडक्या संगीतावर सांगत होते की पोटात रक्त सांडत असलं की असं होतं. देवरावांनी दुकानात बसलेल्या श्रावणच्या कानात सांगितलं. श्रावण बालमित्र, चंद्रपूरच्या खाणीतून रिटायर झालेला.

"कोळशासारखं का डांबरासारखं?" श्रावणनं विचारलं.

"काऊन? फरक काय असते?"

"कोळसा असन तं चालते. डांबर असन तं खेळ खलास."

"दोन्हीच्या मधातलं हाय."

"मंग अर्धा खेळ खलास," श्रावण म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

देवरावांनी कडक पथ्य धरलं. भात सोडला, तेल सोडलं, चहा सोडला. पोटाला हलकं हवं म्हणून फक्त फळांवर राहिले. (फळं कोणती, ते सांगायला नको.) तीन दिवसांत रंग आणखी गडद झाला. नवरा ताटावरून उठतो, हे पाहून अंजनाबाईंनी त्यांना धरून दवाखान्यात नेलं.

काळ्या रंगाचं ऐकून डॉक्टरीणबाईंनी पोट दाबलं. "दुखतं? चक्कर येते? वजन कमी झालं?"

"नाई. वाढलं."

"लोहाच्या गोळ्या घेता? जांभळं फार खाल्ली का? त्यानंही काळं होतं. तसं असेल तर घाबरायचं कारण नाही."

देवरावांचं तोंड आनंदानं उघडलं. शेजारी अंजनाबाई दिसल्या. तोंड मिटलं.

"यायनं एक जांभूळ नाई खाल्लं, मॅडम," अंजनाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "दिवसभर गुलेल घेऊन वानरं हाकलून राह्यले बिचारे."

"मग चंद्रपूरला जा. तोंडातून पोटात नळी घालून बघावं लागेल."

"केवढी नळी?"

डॉक्टरीणबाईंनी करंगळी दाखवली. "एवढी जाड. लांबी विचारू नका."

देवरावांनी मनातल्या मनात नळी एका पारड्यात ठेवली आणि बायको दुसऱ्यात. काटा हलेना.

"बायको जराशी बाहेर जाते का?" त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारून पाहिलं.

"आता तुमाले सोडून मी कुठीच नाई जात!" म्हणत अंजनाबाईंनी त्यांचा हात घट्ट धरला आणि हुंदका दिला.

तिथं देवराव फुटले. "खाल्ले, मॅडम."

"काय?"

"जांभळं."

"किती?"

"त्या वानरानं खाल्ले ना... तेवढेच."

डॉक्टरीणबाईंनी खाली मान घालून बराच वेळ काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, "जांभळं बंद करा. चार दिवसांनीही काळंच राहिलं, तर या."

अंजनाबाईंनी हात सोडला, डोळे कोरडे केले आणि गटाच्या अध्यक्ष जयाताईंना फोन लावला.

"जयाताई, वानर सापडलं. हो, इथी दवाखान्यात बसलं हाय... नाई, काई रोग नाई, ठणठणीत हाय... गुलेल? ते बी त्याच्याचपाशी हाय."