केशरने अंथरूण धरलं!

अंथरुणाच्या बाबतीत माझ्याइतका जाणकार माणूस तुम्हाला अख्ख्या भिंगारात सापडणार नाही. गाद्या-उशांचं म्हणत नाही मी. घोड्याच्या अंथरुणाचं म्हणतोय! काड कधी घालावं, भुसा किती घालावा, ओलं कुठून काढावं, कोरडं कुठे पसरावं, विचारा काहीही. अर्थात हे ज्ञान आजचं. ज्या दिवशी घोडी दारात आली त्या दिवशी मला फक्त आत्मविश्वास होता.

घोडी नियाजभाईंची. तीन पिढ्या घोडे पाळणारं घर. पण भाईंचे गुडघे गेले आणि चौदा वर्षांच्या केशरसाठी त्यांनी घर शोधायला घेतलं. अंगाला केशरी झाक म्हणून केशर. मी लहानपणी भिंगारात लष्कराच्या तारेच्या कुंपणाला नाक लावून घोडे बघत वाढलेला माणूस. शाळेत मार खायचो तोही घोड्यांपायीच. पन्नाशी उलटली तरी ती हौस जिरली नव्हती. मी लगेच हात वर केला.

"राधाभाऊ, देतो," नियाजभाई म्हणाले, "पण म्हैनाभर बघनार. घोडा उभ्यानं डुलक्या काढतो, पन खरी झोप त्याला आडवं पडल्यावरच लागते. जागा पसंत न्हाई पडली तर पडतच न्हाई. मग एक दिवस झोपंनंच गुडघ्यात मोडतो. तुमच्याकडं आडवी पडली तर तुमची. न्हाईतर मी माझ्या भावाच्या मळ्यात नेऊन सोडनार."

"महिना कशाला? आठ दिवसांत घोरायला लावतो!" मी म्हणालो.

आता दोन अडचणी सांगून टाकतो. पहिली अडचण म्हणजे माझ्या सासूबाई. त्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तिसगावहून आमच्याकडे आल्या होत्या आणि त्यांचं नाव केशरबाई! घोडीला दुसरं नाव ठेवून पाहिलं, पण ती दुसऱ्या नावाला कान हलवायलाही तयार नाही. शेवटी बायकोने, आरतीने, कायदा केला. "आईसमोर त्या घोडीला केशर म्हणालात, तर तुम्हीही तिच्या शेजारीच झोपायचं!" म्हणून घरात घोडीचं नाव 'पाहुणी' पडलं. धूळ टाळायला सांगितल्यामुळे सासूबाई अंगणाच्या कोपऱ्यातल्या शेडकडे फिरकत नव्हत्या, त्यामुळे ते खपून गेलं.

दुसरी अडचण ऑफिसची. तीन वर्षांपूर्वी मी कडकनाथ कोंबड्या पाळणार असल्याची घोषणा सगळ्या ऑफिसात केली होती. त्या कोंबड्यांचं पुढे काय झालं ते विचारू नका. मी बिल पास करायला गेलो की आजही कोणीतरी हळूच आरवतं. त्यामुळे घोडी पक्की आपली होईपर्यंत ऑफिसात ब्र काढायचा नाही, असं ठरवलं होतं. नियाजभाईंशी मात्र जेवणाच्या सुट्टीत रोज फोन व्हायचा. समोरच्या टेबलावर भागवत डबा खात असायचा. भागवत तिसगावचा, सासूबाईंच्या ओळखीतला. रोज एसटीने ये-जा करतो आणि कान त्याचे एसटीच्या हॉर्नइतकेच तयार.

पहिलं अंथरूण मी गव्हाच्या काडाचं घातलं. सोनेरी, गुबगुबीत! मलाच त्यावर लोळावंसं वाटलं. सकाळी बघतो तर खाली नुसती फरशी.

"नियाजभाई, केशरने अंथरूण खाल्लं हो!" मी दुपारी फोनवर ओरडलो. "सगळं! ... नाही हो, खायला देतोय ना दोन वेळा! ... पोट हे एवढं फुगलंय. ... हो, रात्रभर उभीच!"

भागवतच्या हातातला घास हातातच राहिला.

"राधाकृष्णराव," थोड्या वेळाने त्याने खाकरत विचारलं, "केशरकाकू तुमच्याकडंच हायेत ना आजून?"

"आहेत की! एकदम मजेत!"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं डब्यातली मिरची लागली असेल.

दुसरा प्रयोग माझ्या स्वतःच्या डोक्यातला. चौकातल्या रसवंतीवाल्याकडून उसाची चिपाडं आणली. चिपाडं कडक असतात, ती कशाला खाईल? आणि तिने खाल्ली नाहीतच! तिच्याऐवजी भिंगारातल्या तमाम मुंग्या जेवायला आल्या. मुंग्यांमागून माश्या, माश्यांमागून शेजारच्या गल्लीतल्या दोन गायी! बिचारी केशर पाय आपटून आपटून दमली. मला त्या दिवशी खरंच स्वतःची लाज वाटली.

"मुंग्या चढल्या हो अंगावर!" मी फोनवर सांगत होतो. "मग काय, अंगणातच नळीने धुवून काढली. ... खराट्याने झाडली आधी! ... आता आंब्याला बांधलीये. ... नाही नाही, सैल बांधलीये."

भागवतने डबा बंद केला. त्यात अर्धी भाकरी शिल्लक होती.

"बऱ्या हायेत ना काकू?" त्याने डबा पिशवीत कोंबत विचारलं.

"अरे ठणठणीत! तू रोज काय त्यांची चौकशी करतोस?"

बावीस दिवस झाले होते. केशरच्या डोळ्यांखाली खळगे दिसायला लागले होते. एका सकाळी माझ्यासमोर ती उभ्या उभ्या पेंगली, पुढचे गुडघे लटकन वाकले आणि ती दचकून सावरली. गुडघ्यावरचे केस गेलेले दिसले. हौस माझी आणि झोप तिची जात होती! रविवारी नियाजभाई निकाल द्यायला येणार होते. मनातून वाटायला लागलं, की तिच्या भल्यासाठी तिला आताच परत धाडलेलं बरं.

मी तसं फोनवर बोलून दाखवलं तर भाई भडकले. "आता हात टेकता व्हय? भुसा घाला, लाकडाचा! पन करवतीखालचा बारीक नको, ठसका लागंल. रंध्याखालचे कुरळे पापुद्रे आना. वीतभर जाड. भिंतीच्या कडेनं उंच रचा. वल्लं तेवढं रोज उचला, कोरडं वर टाका. आन तिला सारखं बघायला जाऊ नका! कुनी टक लावून बघत बसलं तर तुमाला झोप यील का?"

"बरं, केशरला आजपासून भुशावर टाकतो," मी म्हणालो. "ओलं करते हो, रोज! ... हो हो, तेवढंच काढायचं. ... आणि बघायला जायचंच नाही? बरं, नाही जात. पडू दे एकटी."

भागवत टेबलावरून उठला आणि थेट व्हरांड्यात गेला.

शुक्रवारी दुपारी दीड वाजता आरतीचा फोन आला. ती कुजबुजत होती. "अहो! पाहुणीने अंथरूण धरलं!"

मी खुर्चीवरून उडालो. "काय? केशरने अंथरूण धरलं?"

"हो! पूर्ण आडवी झालीये. डोळे मिटलेत. खालचा ओठ थरथरतोय."

"कोणी हलवू नका! मी आलोच!"

पण आनंद वाटल्याशिवाय मला राहवेना. धावत खाली जाऊन पाव किलो पेढे आणले आणि ऑफिसभर वाटत सुटलो. "घ्या, पेढे घ्या! केशरने अंथरूण धरलं! काल-परवापर्यंत आशाच नव्हती, पण आज पडली एकदाची!"

लोक पेढे हातात धरून एकमेकांकडे बघत राहिले. मला वाटलं, आनंदाचं कारण कळलं नसेल. म्हटलं, सोमवारी सगळं सांगू.

भागवतने पेढा खाली ठेवला. "हा पेढा माझ्या घशाखाली उतरायचा न्हाई, राधाकृष्णराव."

"शुगर आहे का? मग अर्धा घे!"

त्याचे डोळे भरून आले आणि मोबाईल कानाला लावत तो बाहेर गेला. शुगरचं इतकं दुःख होणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला.

अर्धी रजा मंजूर होऊन घरी पोचेपर्यंत तीन वाजले. चपला काढून, चोरपावलांनी शेडच्या फटीतून बघितलं. केशर भुशावर पाय ताणून झोपली होती. मान सैल पडलेली, पोट संथ वरखाली होतंय आणि बारीकसा घोरण्याचा आवाज! खरं सांगतो, मी तिथेच भिंतीला टेकून रडलो. तारेपलीकडून बघितलेला एकही घोडा कधी माझ्या भरवशावर झोपला नव्हता.

डोळे पुसतोय तोच फाटकापाशी एक पिकअप करकचून थांबली. मागे उभी आठ-दहा माणसं. पुढून उतरले आरतीचे कानिफनाथमामा, म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. मागून त्यांची बायको मालनबाई. आणि सगळ्यात शेवटी खाली मान घालून भागवत!

मालनबाईंनी फाटकातूनच हंबरडा फोडला. "अवो वन्सं! काय ही दशा झाली वो तुमची!"

मी ओठावर बोट ठेवून धावलो. "शूऽऽ! हळू! आत्ताच डोळा लागलाय! महिन्यात पहिल्यांदा आडवी झालीये!"

"म्हैनाभर उभी ठिवली व्हय माझ्या भनीला?" मामांनी माझी कॉलर धरली.

बहीण? मला वाटलं, मामा मोठे भूतदयावाले आहेत. "मामा, मी कुठे उभी ठेवली? तीच बसत नव्हती!"

"भुशावर निजवली ना?"

"वीतभर जाड आहे मामा! हात घालून बघा! ओलं झालेलं रोज स्वतः उचलतो मी!"

"आन झाडाला बांधली व्हती?"

"एकच दिवस! मुंग्या झाल्या म्हणून!"

"वर पेढे वाटले यानं, मामा!" मागून भागवत ओरडला. "सासूला नुसतं केशर, केशर म्हनतो! आरे-तुरे करतो!"

मामांनी दुसरा हात उगारला. तेवढ्यात घराचं दार उघडलं आणि काळा गॉगल लावलेल्या सासूबाई चहाचा कप घेऊन बाहेर आल्या.

"कानिफ? कोन गेलं रं?"

मालनबाईंनी त्यांना बघून जी किंकाळी फोडली, ती थेट नगरच्या बसस्टँडवर ऐकू गेली असेल. शेडमध्ये धडपड झाली, पत्रा दणाणला. कॉलर सोडवून धावलो, फटीतून बघितलं तर केशर उभी! थरथर कापत, कान टवकारून.

"उठली!" मी मटकन पायरीवर बसलो. "संपलं सगळं. नेणार आता तिला."

सगळे शेडच्या दाराशी गोळा झाले. भागवतने आत डोकावलं. घोडीकडे बघितलं. सासूबाईंकडे बघितलं. परत घोडीकडे बघितलं.

"ही... ही केशर?"

"हिचं नाव काय म्हनलास?" सासूबाईंनी विचारलं.

आरतीने पदर तोंडाला लावला. मी जमिनीत कुठे जागा आहे का ते बघितलं. पण सांगावं तर लागणारच होतं. अंथरूण खाल्लं तिथपासून रविवारच्या निकालापर्यंत सगळं धडाधडा सांगून टाकलं. मामांनी हळूच माझी कॉलर सारखी केली. भागवतने खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं, मग मान पुसली, मग उगाच चष्माही पुसला.

सासूबाई पदर नाकाला लावून शेडच्या दारात गेल्या. केशरने त्यांच्या दिशेने मान लांबवली. त्यांनी तिच्या कपाळावरून हात फिरवला.

"भेली गं माझी बाय," त्या म्हणाल्या आणि वळल्या. "आता कुनी तोंड उघाडलं ना, तर त्याच्याच तोंडात भुसा कोंबीन! बसा समदे हितं खाली. आन हिच्याकडं बघू नका!"

दहा-बारा माणसं अंगणात पाठ करून मुकाट बसली. पाच मिनिटं गेली. दहा गेली. मालनबाईंना शिंक येत होती, ती त्यांनी दोन्ही हातांनी दाबून धरली. मग मागे भुसा खसखसला. एक खूर जमीन उकरत होता. कोणी वळेना. मी आरतीचा हात घट्ट धरला. नंतर एक मोठा सुस्कारा आणि धप्प!

मामांनी डोक्यावरची टोपी काढली. "निजली," ते ओठांनीच म्हणाले.

मी फटीपाशी मोबाईल धरला आणि नियाजभाईंना व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे भाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग नाक ओढलं. "रविवारची वाट कशाला बघायची? तुमचीच झाली," ते हळू आवाजात म्हणाले. "भुसा मात्र रोज बघा."

मी इतका हरखलो, की उठून सासूबाईंच्या पाया पडलो. "आई, नावाचं मनावर घेऊ नका."

"नावाचं काय न्हाई," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी वाकून मूठभर भुसा उचलला, दाबून बघितला. "मऊ हाय की! जावईबापू, म्हैनाभर ऐकते मी जेवताना. काड टोचतं का, चिपाडं चालत्याल का, भुसा जाड हाय का. लई बरं वाटलं. पन मी म्हैनाभर तुमच्या त्या खोलीतल्या गादीवर निजते. तिच्या गुठळ्या झाल्यात. एक हितं कमरंत रुतती, एक पाठीत. मला कुनी इचारलं का, आई, झोप लागती का म्हनून?"

मी आणि आरतीने एकदम खाली बघितलं.

"कानिफ, उद्या तू मला गावाला न्यायला येनार हुतास," सासूबाईंनी गॉगल सारखा केला. "आता न्हाई येत. जावयाला अंथरुनातलं एवढं कळतं, तर आधी माझंबी जमवू दे."

मामा आणि मंडळी चहा पिऊन गेली. केशर रोज दुपारी पाय ताणून झोपते, गुडघ्यावर नवे केस आलेत, तिचं सगळं छान चाललंय. तिचं अंथरूण जमायला मला सव्वीस दिवस लागले. सासूबाई तिच्यापेक्षा जरा चोखंदळ आहेत. आज त्यांचा त्रेचाळिसावा दिवस आहे आणि सकाळीच तिसरी गादी परत गेली.