आळीभर फिरलेलं शहर

फुमिए दाताच्या डॉक्टरकडे निघताना नवऱ्याला एकच काम सांगून गेली. आळीची फिरती पाटी आली होती. तिला लावलेल्या सूचना वाचायच्या, घरचा आडनावाचा शिक्का मारायचा आणि पाटी शेजारच्या कुसाकाबे आजींकडे पोचवायची. "एवढं तरी कराल ना?" असं तिने दारातून दोनदा विचारलं. इसोगाईला ते लागलं. ज्याने चित्रकथांमधून अख्ख्या शहराच्या डोक्यात यंत्रांचे मेंदू बसवले, ज्याला परदेशातले लोक भविष्य विचारायला येत, त्याला बायको शिक्का जमेल का विचारते म्हणजे काय! घरातला भाताचा कुकर त्याला अजून लावता येत नव्हता, ही गोष्ट वेगळी.

त्याच दिवशी त्याच्या आयुष्यभराच्या चित्रकथेचं शेवटचं पान पुरं झालं होतं. जळून विझलेलं उद्याचं शहर, तारांनी जखडलेल्या इमारती, काळ्याकुट्ट खिडक्या, आणि खाली रस्त्यावर अर्धं अंग लोखंडाचं झालेली नायिका, एकटी. सगळा उन्हाळा या एका पानात गेला होता, कारण त्याचा उजवा हात थरथरायला लागला होता. ते फक्त फुमिएला ठाऊक होतं. असं दुसरं पान आता आपल्या हातून होणे नाही, हे मात्र तो तिच्याशीही बोलला नव्हता.

शाई वाळली होती, पण कागद कडांनी वळत होता. तो सपाट बसावा म्हणून त्याने सूचनांच्या खाली, पाटीच्या चिमट्यात अडकवला आणि जरा आडवा झाला. जाग आली ती कामाच्या आठवणीनेच. त्याने वरच्या सूचनेवर शिक्का मारला, पाटी उचलली, आजींच्या दारात ठेवली आणि मोठ्या समाधानाने परत येऊन चहा केला. घरकामात लोक उगाच एवढं काय कुरकुरतात, असंही त्याला वाटून गेलं.

मग संपादक मिझुनुमाचा फोन आला, पान न्यायला निघालोय म्हणून. इसोगाईने टेबलाकडे पाहिलं. पान पाटीबरोबरच गेलं होतं. तो होता तसा धावला.

ही पाटी एरवी एकेका घरात मुरायची. आज मात्र आजींनी ती केव्हाच पुढे धाडली होती. "असल्या कामात उशीर करून कसं चालेल?" त्या म्हणाल्या. "चांगल्या खिडक्या गेल्या असत्या ना!"

"कसल्या खिडक्या?"

"अहो, आपली आळी पाडून मोठी इमारत बांधणार म्हणतात ना, तिचा नकाशा आलाय. मी दक्षिणेकडची धरली. गुडघ्यांना ऊन बरं. शिक्का मारून टाकला खिडकीतच." त्या जरा थांबल्या. "पण काय हो, खाली एक पोर उभी केलीय. तिला कुणी घर दिलं की नाही? माझ्या शेजारची खिडकी रिकामी ठेवा म्हणून सांगितलंय मी सगळ्यांना."

आळीत तो फुमिएताईंचा घरी बसणारा नवरा होता, यापलीकडे त्याची कुणी चौकशी केली नव्हती. चित्र माझं आहे म्हणावं, तर आजी रडवेल्या होतील. तो नुसताच वाकला आणि पुढे पळाला.

तोफूवाला नागामिने दुकानाबाहेर फुशारकी मारत उभा होता. त्याने तळमजला मिळवला होता, तोफूला पाणी फार लागतं म्हणून. "काळोख फार ठेवलाय हो नकाशात," तो म्हणाला, "पण शेजार तोच राहणार, मग चालतंय की." मग त्याने इसोगाईच्या पायांकडे पाहिलं आणि सभ्यपणे नजर वळवली. इसोगाई संडासातल्या सपाता घालून आळीभर धावला होता.

पाटी सापडली सार्वजनिक न्हाणीघराच्या गल्ल्यावर. लोक आंघोळ सोडून, खांद्यावर पंचे टाकून शिक्क्यासाठी ओळीत उभे होते. इसोगाईने सगळ्यांची माफी मागत पान सोडवलं आणि छातीशी धरून घरी नेलं. दारातच फुमिए आणि मिझुनुमा यांची गाठ पडली होती.

मिझुनुमाने पान हातात घेतलं. काळ्या शहरभर लालबुंद शिक्के उमटले होते, एकेका खिडकीत एकेक आडनाव. तो एकेक खिडकी वाचत गेला. इसोगाई मान खाली घालून उभा होता. पुन्हा काढतो, असं म्हणायची वेळ होती आणि नेमकं तेवढंच त्याला म्हणता येत नव्हतं.

"मास्तर," मिझुनुमा शेवटी म्हणाला, "इतकी वर्षं मी या शहराची पानं नेतोय. इथे दिवे लागलेले आज पहिल्यांदा बघतोय. हे पान रंगीत छापू. यातलं काही खोडायचं नाही."

इसोगाईचे डोळे भरून आले. ते त्याने लपवलेही नाहीत.

फुमिए मात्र पानावर वाकून खिडक्या तपासत होती. "सगळी आळी राहायला गेली," ती म्हणाली. "आणि आपण कुठे आहोत?"

इसोगाईने लेखणी घेतली. आजींच्या मजल्यावर, त्या पोरीसाठी राखलेल्या खिडकीला लागून, त्याने एक सज्जा काढला. सज्ज्यात दोरी, दोरीवर धुणं. हात थरथरत होता, रेघ वाकडी जात होती, आणि कपडे वाऱ्यावर हलायला लागले. असं हलणारं काही त्याने धडधाकट हातानेही कधी काढलं नव्हतं.

फुमिएने नीट निरखून पाहिलं.

"मोजे उलटेच वाळत घातलेत," ती म्हणाली. "म्हणजे धुणं तुम्हीच घातलं असणार."