साळवेकाकांची खरखर

संध्याकाळी ऑफिसातून येऊन मी चपला काढते न काढते तोच शेजारचे साळवेकाका दारात उभे असत. हातात छोटा रेडिओ, त्याची खरखर चालू, आणि चेहरा चोरी पकडल्यासारखा गंभीर. "ताई, तुमच्याकडे काहीतरी ओरडतंय."

आमच्या घरात ओरडणारी मी एकटीच, असं माझ्या नवऱ्याचं मत आहे. पण काका रेडिओ भिंतीला लावत लावत आत शिरत आणि मोबाइलच्या चार्जरपाशी थांबत. तिथे खरखर वाढे. "हा बघा. स्वस्तातला घेतलाय ना?" मग चार्जर निघायचा, एलईडी बल्ब विझायचा, टीव्ही बंद. काकांना कुठल्यातरी परदेशी केंद्रावरच्या हिंदी बातम्या स्वच्छ ऐकू याव्यात म्हणून आम्ही नवरा-बायको अंधारात बसायचो. भांडायचं त्राण कुणात होतं?

काका एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. आयुष्यभर वीज तयार केली आणि आता नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीत घरोघरी ती बंद करत फिरत.

"मोबाइलवर सगळं ऐकू येतं की, काका," मी एकदा म्हणाले.

"ते टँकर मागवण्यासारखं झालं. आपण विहिरीतून ओढायचं."

ओढण्यासाठी त्यांनी आधी आपल्या गच्चीपासून आमच्या शेवग्यापर्यंत तांब्याची तार बांधली. तिच्यात अडकून माझी वाळत घातलेली चादर फाटली. पुढे त्यांचंच मन तारेवरून उडालं. "लांब तार अधाशी हो. दूरचं केंद्र घेते, तसा गल्लीतला कचराही घेते." मग लाकडी चौकटीवर तार गुंडाळून त्यांनी फिरता अँटेना केला. "हिचं तोंड खरखरीकडे केलं की खरखर गप्प."

"घरात मात्र ह्यांनी तोंड उघडलं की वाढते," काकांच्या पत्नी मालनकाकू कॉटवरून म्हणाल्या आणि हसता हसता त्यांना खोकला आला. काकूंची फुप्फुसं तेव्हाच थकत चालली होती.

दिवाळीनंतर काकू दवाखान्यातून घरी आल्या त्या ऑक्सिजनच्या मशीनसकट. काकांच्या फेऱ्या थांबल्या. खरं सांगते, मला बरं वाटलं. उजेडात बसून चहा प्यायला मिळत होता. मग काही दिवसांनी तो चहाही गोड लागेना, म्हणून खिचडीचा डबा घेऊन गेले.

आतल्या खोलीत काकू नाकात नळी घालून झोपल्या होत्या. बाहेरच्या खोलीत काका, कानात इअरफोन, शेजारी चौकट. मला पाहून त्यांनी इअरफोन काढला. त्यातून नुसती खरखर येत होती. एवढ्या दिवसांच्या शिकवणीने मीही तयार झाले होते.

"काका, हे मशीन ओरडतंय. चौकट फिरवा ना."

"फिरवलीय. जास्तीत जास्त यावी अशी." ते हळू आवाजात म्हणाले, "टर्बाइनपाशी कान गेले माझे. मशीन बंद पडलं की शिट्टी मारतं म्हणे, ती मला येतच नाही ऐकू. आणि बसल्या बसल्या डोळा लागतो. पण मशीनची ही खरखर कानात असली की बरं. ही थांबली की खाडकन जाग येते, मग पळत जाऊन ऑक्सिजनचा सिलिंडर लावतो. रेडिओ सेलवर आहे, लाइट गेली तरी चालतो."

"आणि बातम्या?"

"ह्याच की बातम्या."

मी डबा उघडायला लागले. काका मात्र जागचे हलेनात. शेवटी संकोचून म्हणाले, "ताई, जरा कान देता? आंघोळ करून येतो. काल परवा जमलंच नाही."

त्यांनी इअरफोन शर्टाला पुसून माझ्या हातात दिला. मी तो कानात घातला आणि खुर्चीत ताठ बसले. दिवसभराच्या थकव्याने डोळे मिटत होते, पण मी मिटू दिले नाहीत. न्हाणीघरात पाण्याचा आवाज सुरू झाला. कानात खरखर चालू होती, आणि ती अशीच चालू राहावी एवढंच मला वाटत होतं.