वास नसलेला गॅस

संध्याकाळी सहा वाजता शांतादेवींनी पेटलेली शेगडी झोपायच्या खोलीत आणली, दार लावलं, खिडकी लावली आणि खिडकीच्या फटीत अप्पांचं जुनं उपरणं कोंबलं. पलंगावर वह्या तपासत बसलेली त्यांची मुलगी कावेरी हे बघत होती. तिचे वडील अप्पा जाऊन चार महिने झाले होते. परळीच्या या घरात चाळीस हिवाळे हेच चालत आलं होतं. शांतादेवी खिडकी लावत, आणि थोड्या वेळानं अप्पा ती चार बोटं उघडत. त्यावरून दोघांची बोलाचाली होई. आता उघडणारं कोणी नव्हतं. शांतादेवी शेवटी जिंकल्या होत्या, आणि कावेरीला त्याचीच भीती वाटत होती.

कावेरी अंबाजोगाईला शाळेत विज्ञान शिकवायची. बंद खोलीतल्या कोळशावर पुस्तकात चार ओळी होत्या. अकरा वर्षं तिनं त्या शिकवल्या होत्या, पण शिकवताना कधी आईची खोली डोळ्यांसमोर आली नव्हती.

"आई, बंद खोलीत कोळशाचा विषारी गॅस साठतो. माणूस झोपेतल्या झोपेत जातं."

"वास तर येईना."

"त्याला वास नसतो."

"मग रंग?"

"रंगही नसतो. दिसतच नाही तो."

शांतादेवींनी शेगडीवर हात शेकले. "म्हंजी निर्गुण निराकार हाय. मग त्याला भ्यायचं कावून?"

"विजेचा हीटर आणून देते."

"गावच्या थर्मलात वीज तयार होती, पर घरात ऱ्हाती का?"

"मग माझ्याकडं चल."

"वरीस होईस्तोवर घरात दिवा लागाया पायजे. कुलूप घालून न्हाई यायची मी."

कावेरी सोमवारी परत जाणार होती. त्याआधी काहीतरी करायलाच हवं होतं. सकाळी ती शेजारच्या पंडितकडे गेली. पंडितचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, आणि माहीत नसलेल्या गोष्टीला तो कधी नाही म्हणत नसे. त्यानं मागच्या फळीवरून धूळ झटकून एक डबी काढली.

"हे घ्या ताई. गॅस गळला की बोंबलतं."

"हे सिलिंडरच्या गॅसचं आहे. मला कोळशाच्या गॅसचं पाहिजे."

"गॅस म्हंजी गॅस की ओ ताई."

"त्याला वास नसतो."

पंडित विचारात पडला. "मग त्यो हाय हे ठरवलं कुनी?"

रविवारी कावेरीनं एसटीडी बूथवरून शिकागोला धाकट्या भावाला फोन लावला. बसवेश दोन वर्षांपूर्वी संगणकाच्या नोकरीवर तिकडे गेला होता. त्यानं सांगितलं की तिकडे घरोघरी या गॅसवर ओरडणारं मशीन असतं. फक्त कुठलं घ्यायचं ते तुम्ही ठरवा, म्हणाला. आठवड्यानं टपालात जाहिरातीची तीन पानं आली, आणि पुढच्या रविवारी शांतादेवींच्या ओसरीवर स्थळं बघावीत तशी मशीनं बघायचा कार्यक्रम झाला. शेजारच्या वनमालाबाई शेंगा फोडायच्या निमित्तानं येऊन बसल्या.

पहिलं मशीन भिंतीतल्या विजेवर चालणारं होतं. पंडितनं ते लगेच नाकारलं. "पिन वेगळी, दाब वेगळा. वर दिवसातून चार बार लाइट जाती. ह्याला निस्तं नाव मोठं."

दुसऱ्याला आकडे दिसायची काच होती. हवेत किती गॅस आहे ते त्यात उमटे.

"आन तो आकडा मी कुनाला दाखवू?" शांतादेवी म्हणाल्या. "हेंच्यासारखं चष्मा लावून वाचनारं हाय कोन घरात?"

वनमालाबाईंनी एक शेंग जास्तच निगुतीनं फोडली.

तिसरं सेलवर चालणारं, पांढरं, पुरणपोळीएवढं गोल. मध्ये एक बटण, आणि बटण दाबलं की मशीन ओरडून दाखवतं, असं पानावर लिहिलं होतं.

"हे बरं दिसतंय," वनमालाबाई म्हणाल्या. "गरीब वाटतंय."

महिन्याभरात बसवेशचा एक मित्र ते मशीन घेऊन पुण्याला उतरला, आणि तिथून ते बसनं परळीला आलं. कावेरी सुटी टाकून आली. तिला ते लगेच पलंगाजवळ लावायचं होतं, पण शांतादेवींनी ते हातातून काढून घेतलं. त्या घरात शिवणयंत्र असो, मिक्सर असो की टीव्ही, नवी वस्तू आधी देवापुढे जाई. तिला विभूती लागे, नारळ फुटे, धूप दाखवला जाई, आणि मगच ती कामाला लागे.

"आई, याला धूप दाखवायचा नसतो."

"मिक्सरला चालला, ह्याला चालत न्हाई? अमेरिकेचं म्हनून का?"

मशीन देवघरात पाटावर बसलं. विभूतीचे तीन पट्टे उमटले. शांतादेवींनी धुपाटण्यात गोवरीचे निखारे आणि ऊद घालून ते मशीनच्या अगदी तोंडाशी धरलं, आणि आरती सुरू केली. आरती लांबलचक होती. दुसऱ्या कडव्यापर्यंत मशीन सोसत होतं. तिसऱ्याला ते असं किंचाळलं की धुपाटणं पाटावर पडलं आणि समोरच्या लिंबावरचे कावळे उडाले.

"पावलं," शांतादेवी म्हणाल्या.

कावेरीनं दारं-खिडक्या उघडल्या. त्या उघड्या दारातून गल्ली आत आली. वनमालाबाई पाण्याची बादली घेऊन आल्या, पंडित पक्कड घेऊन आला, समोरचे धोंडीराम चोर समजून काठी घेऊन आले. मागोमाग, काय झालं ते माहीत नसलेली आणखी आठ माणसं आली. मशीन गप्प झाल्यावर सगळ्यांनी ते हातात घेऊन पाहिलं. शांतादेवींनी चहा टाकला. अप्पांच्या मातीनंतर एवढी माणसं या घरात पहिल्यांदाच बसली होती. धोंडीराम काठी मांडीवर ठेवून दोन कप प्यायले.

जाताना कावेरीनं आईला तीनतीनदा बजावलं. "आठवड्यातून एकदा बटण दाबायचं. वाजलं म्हणजे सेल चांगला आहे."

तीन आठवड्यांनी ती आली तेव्हा दुपारचे चार वाजत होते. मशीन ओरडलं. कावेरी धावत आत गेली तर शांतादेवी शांतपणे बटणावरचं बोट काढत होत्या आणि चुलीवर दहा कपांचं आधण होतं. पाच मिनिटांत धोंडीराम आले आणि चपला काढून नेहमीच्या जागी बसले.

"आई, रोज वाजवतेस तू हे?"

"सेल हाय का न्हाई बघावं म्हनलं."

"उद्या खरंच गॅस झाला तर कोण येईल? लोकांना वाटेल चहा आहे. लांडग्याची गोष्ट ठाऊक आहे ना तुला?"

"त्या पोराच्या गावाला चहा कुठं मिळत व्हता?" शांतादेवी म्हणाल्या.

कावेरी परत गेली ती जास्तच काळजीत. भीती होतीच, आता तिच्यात चहाची घंटा झालेल्या मशीनची भर पडली होती.

जानेवारीच्या शेवटी आभाळ भरून आलं, बोचरा वारा सुटला. गुरुवारी पाच वाजता शाळेच्या ऑफिसात फोन आला. पंडित होता.

"ताई, आज वाजलं न्हाई."

"आई कुठं आहे?"

"घाबरू नका, समदं ठीक हाय. चार वाजून गेले, वाजंना. धोंडीराम म्हनले, दूध नासलं आसंल. सव्वाचारला वनमालाबाई म्हनल्या, म्हातारी आशी न्हाई करायची. आमी समदेच गेलो. दार आतून बंद. हाका मारल्या, न्हाई. मग कडी तोडली म्या. काकू शेगडी पेटवून निजल्यात्या. हालवून उठवलं, भाईर आनून माझ्या दुकानात बसवलं. डोकं लई धरलंय म्हनत्यात. उलटी झाली एक. डाक्टर येऊन गेला, घोर न्हाई म्हनला."

"आणि मशीन?"

"मशीन मेलतं की ओ. रोज बटन दाबून सेल संपला."

मागून आईचा आवाज आला. "तिला म्हनावं, कडीचे पैसे पंडितनं द्यायचेत. आन ह्या बाया मला चुलीपाशी जाऊ देईनात."

शेगडी वनमालाबाईंनी त्याच संध्याकाळी आपल्या घरी नेली, आणि ती परत मागायची शांतादेवींची छाती झाली नाही. कडी तोडून आत घुसताना पंडितचं कोपर लागून मशीन पडलं होतं आणि फुटलं होतं. हे सगळं कावेरीनं बूथवरून बसवेशला सांगितलं.

"दुसरं पाठवतो," तो म्हणाला. "आता नवीन आलंय. सेल पाच वर्षं जातो. स्वतःच स्वतःला तपासतं, बटण दाबायची भानगडच नाही."

"ते नको. बटणवालंच पाठव. सेल मी इथून देत जाईन."

"पण ताई, शेगडी गेली ना घरातून? मग मशीन कशाला पाहिजे?"

बूथच्या काचेबाहेर पुढचं गिऱ्हाईक घड्याळ दाखवत होतं. कावेरीनं त्याच्याकडे पाठ केली.

"चारला वाजायला पाहिजे," ती म्हणाली.