सिद्रामप्पांची नवी सिस्टिम

आमच्या मिलच्या कॉम्प्युटर खोलीत शिरायचं तर आधी पाय धुवावे लागत. दाराशी बादली, तांब्या आणि पाय पुसायला गोणपाट. हा नियम मिलचा नव्हता, ऑपरेटर सिद्रामप्पांचा होता. एकदा जनरल मॅनेजर बुटासकट आत निघाले, तर सिद्रामप्पा दारात आडवे आले. "साहेब, सोलापूरची धूळ हाय ही. भाईर हाय तोवर तुमची, आत गेली की माझी." साहेबांनी मुकाट्यानं मोजे काढले.

सत्तरच्या दशकाचा तो शेवट. मी विणखात्यात कारकून होतो. कुठल्या मागावर किती कापड निघालं, याची भोकं पाडलेली कार्डं घेऊन रोज मला तिथं जावं लागे. मशीन एका वेळी एकच काम करी. सूतखात्याचं झालं की स्टोअरचं, मग आमचं. तोवर बाहेरच्या बाकावर बसायचं. एअरकंडिशनर मशीनसाठी, आम्ही घाम पुसत. तरी वैताग येत नसे, कारण सिद्रामप्पा मधूनमधून बाहेर येऊन आईच्या गुडघ्यापासून पोराच्या परीक्षेपर्यंत चौकशी करत. बाराला त्यांचा डबा उघडे. मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगांची चटणी, दही. माणूस एक, भाकरी आठ. बायको वारल्यापासून स्वतःच थापायचे. "घ्या की, लाजताय काय?"

एके दिवशी मुंबईहून पत्र आलं. मशीनसाठी नवी ऑपरेटिंग सिस्टिम निघाली होती, म्हणजे मशीनकडून कामं करून घेणारा न दिसणारा मुकादम. टेप घेऊन एक तरुण इंजिनियर आला. त्यानं पाय धुतले आणि टेपही धुवायची का, असं खवचटपणे विचारलं. सिद्रामप्पांनी वधुपित्यासारखी त्याची उलटतपासणी सुरू केली.

"एका टायमाला कामं किती करंल?"

"चार."

"लाईट गेली तर?"

"जिथं थांबलं तिथून पुढं सुरू."

"बरं. आन् पयलं काम कुणाचं, ते कोण ठरवणार?"

"सिस्टिमच. रांग तिची ती लावते. तुम्ही फक्त कार्डं टाकायची. कुणाला ताटकळायला नको."

सिद्रामप्पांनी दाराबाहेरच्या बाकाकडं बघितलं. "म्हंजे बाकावर कुणी बसणारच न्हाय की."

"अगदी बरोबर!" इंजिनियर अभिमानानं म्हणाला.

सोमवारी नवी सिस्टिम सुरू झाली. खोटं कशाला बोलू, झकास चालली. कार्डं देऊन वळतोय तोच छापील कागद हातात. आम्ही खूश. आठवडाभर सगळे उभ्याउभ्या येत आणि उभ्याउभ्या जात. घाईत दोघातिघांनी पायही धुतले नाहीत, आणि सिद्रामप्पा त्यांना काही बोलले नाहीत. तेव्हा मात्र मला चुकचुकल्यासारखं झालं.

शनिवारी बाराच्या सुमाराला मी कार्डं दिली. दहा मिनिटं झाली तरी कागद येईना. आत डोकावलो, तर सिद्रामप्पा डिक्शनरी शेजारी ठेवून सिस्टिमचं जाडजूड पुस्तक वाचत होते.

"बिघडली काय हो?"

"छ्या! लई गुणी हाय." त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "हितं लिवलंय बघा, 'होल्ड'. ऑपरेटरनं हुकूम दिला की पायजे ते काम रांगेत थांबतंय. तुमचं थांबवलंय मी."

"माझं का?"

टेबलाखालून त्यांनी डबा काढला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "आठवडा झाला, भाकरी माघारी नेतोय. एकट्याला घास उतरत न्हाय हो."

मला स्वतःची लाज वाटली. इतकी वर्षं त्यांची भाकरी खाल्ली आणि आठवडाभर त्यांना जेवलात का म्हणून विचारलं नव्हतं. मी बाकावर बसलो. दोन भाकरी खाल्ल्या, तिसरी त्यांनी बळंच वाढली.

कागद घेऊन खात्यात पोचलो, तर आमच्या खात्याचे साहेब घड्याळ बघत होते. "एवढा उशीर? सिस्टिम नवी आहे ना?"

"होय साहेब," मी म्हणालो, "पण जेवणाच्या वेळेला जरा अडते."

सोमवारपासून सूतखात्याचं आणि स्टोअरचं कामही बाराच्या सुमाराला अडायला लागलं.